हवालदारबाईंची विचारपूस

मेलेल्या माणसाशी बोलणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती पोलिसाच्या वर्दीत होती.

पेणच्या बाहेर, खोपोली रस्त्याला आमचा छोटा वृद्धाश्रम आहे. मी तिथे परिचारिका. श्रावणातल्या एका सकाळी आमच्याकडच्या हिराआजी गेल्या आणि दुपारच्या आत पोलीस आले. पुढे एक तरुण फौजदार, त्यांच्यामागे पंच म्हणून बोलावलेले दोघे, आणि सगळ्यात शेवटी, बूट दाराबाहेर काढून, हवालदारबाई. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांनी पुरुषांना हातानेच थांबवलं. "साहेब, जरा भायेर थांबा. आधी मी बघते," म्हणाल्या. टोपी काढून काखेत धरली, खाटेजवळ गेल्या आणि आजींच्या कानाशी वाकल्या.

"आजी, मी आलेय हां. पोलिसातली हाय, पण बाईमाणूसच हाय. तुमचे हात बघते, पाठ बघते आणि लगेच पांघरूण घालते. राग मानू नका."

मग त्या एकेक गोष्ट सांगत गेल्या आणि करत गेल्या. आता कुशीवर वळवते, आता केस बाजूला घेते. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होते. ज्या मृत्यूची चौकशी करायला ही बाई आली होती त्यात संशय माझ्यावर होता. तरी तो आवाज ऐकून मला वाटलं, आजी चांगल्या हातांत आहेत. स्वतःचं काय होणार याचा विचार नंतर आला.

हिराआजी खाडीकडच्या. उभं आयुष्य मिठागरात गेलेलं. नवरा लवकर गेला, त्यानंतर मिठाचे ढीग ओढून त्यांनी एकुलता एक मुलगा वाढवला. हा मुलगा, विलास, रोह्याला एका कंपनीत लागला आणि आईला तिकडे घेऊन गेला. पुढे आजींचं विसरणं वाढलं. आधी भांडी कुठे ठेवली ते, मग सुनेचं नाव, मग घर. विलासला शिफ्ट, बायकोलाही नोकरी. घरात कोणी नसलं की आजी बाहेर पडायच्या आणि पाणी शोधत चालायला लागायच्या. एकदा कुंडलिका नदीच्या काठावर, चिखलात उभ्या सापडल्या. तेव्हा विलासने त्यांना आमच्याकडे आणलं. आमच्याकडेही दुपार झाली की त्यांना आगरावर, म्हणजे मिठागरावर, जायची घाई व्हायची. फरशी पुसायचा लांब दांड्याचा वायपर घेऊन त्या व्हरांडाभर मीठ ओढत फिरायच्या. अडवलं की रडायच्या, म्हणून आम्ही अडवत नव्हतो. खाटांच्या लोखंडी कडा, दाराची चौकट, कुठे ना कुठे हात आपटायचाच.

त्या दिवशी सकाळी त्या व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. मी औषध घेऊन आले तर मान एका बाजूला कललेली. आमचे डॉक्टर आले, हृदय थांबलं म्हणाले. तासाभराने विलास रोह्याहून आला. आईचा हात हातात घेताना पोलक्याची बाही वर सरकली आणि त्याला दंडावरचे काळेनिळे डाग दिसले. मनगटावरचे, कोपराजवळचे वेगळे. दंडावरचे मात्र ओळीने चार. बोटांचे.

"माझ्या आईला कोणी धरलं?" तो ओरडला. "मारत होतात तिला? सांगता येत नाय म्हणून?"

रात्रपाळीची मावशी माझ्याकडे बघू लागली. आजींचं सगळं मीच करत असे. मग डॉक्टरांनीही दाखल्यावर सही करायचं थांबवलं आणि पोलिसांना फोन गेला.

हवालदारबाई बाहेर आल्या आणि मला समोर बसवलं. म्हणजे त्या स्वतः व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली. खुर्चीवर बसून त्यांनी कोणाला प्रश्न विचारल्याचं मी नंतरही पाहिलं नाही. "उंचावरनं विचारलं की माणूस खालनं उत्तर देतो," असं त्यांचं म्हणणं.

"दंडावरचे कोणाच्या बोटांचे?"

"माझे असतील," मी म्हणाले. आदल्या दिवशी न्हाणीघरात आजींचा पाय सरकला होता आणि मी त्यांना दंडाला धरून सावरलं होतं.

"दाखव कशी धरलीस."

मी त्यांचा दंड हलकेच धरला.

"अशी नाय. ती पडत होती ना? मी पडते. धर."

आणि खरंच त्या वर्दीतल्या बाईने पायरीवरून उठून स्वतःला सैल सोडलं. मी झडप घालून धरलं, दोघीही भिंतीवर आदळलो. फौजदार हसू दाबत दुसरीकडे बघू लागले. हवालदारबाई शांतपणे बाही खाली करून निघून गेल्या. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा हजर. बाही वर करून मला दंड दाखवला.

"बघ. माझ्या दंडावर काय उठलं नाय. आजींच्या दंडावर कसं उठलं?"

आजींना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू होती, त्यात वय, त्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली कातडी. हे सगळं मला माहीत होतं. ते अडखळत सांगितलं. "बरं," त्या म्हणाल्या, "मी डॉक्टरला विचारते." माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, काही कळू दिलं नाही. आमच्या डॉक्टरांना विचारलं, मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही विचारलं.

त्यांचं एक वाक्य त्या दिवसांत मी इतक्या वेळा ऐकलं की मला झोपेतही ऐकू यायचं. "पुन्हा सांग गो, सकाळपासून." आजी उठल्या तिथपासून सगळं. एकदा सांगितलं की पुन्हा, दोन दिवसांनी आणखी एकदा. दर वेळी एखादा नवाच प्रश्न. पाणी किती गरम होतं? वेणी घातलीस की अंबाडा? खुर्चीचं तोंड कुठं होतं? मला वाटायचं, मी कुठे चुकते ते पाहण्यासाठी जाळं टाकलंय. तसं होतंही थोडंसं. त्यांनी कधी नाकारलं नाही.

आणि या सगळ्यात आमच्याकडचा चहा सोडा, पाणीसुद्धा नाही. हमरापूरहून गणपतींचे टेम्पो निघायला लागले होते, रस्ता तुंबायचा, उन्हात ताटकळून त्या घामाघूम होऊन यायच्या आणि स्वतःच्या पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायच्या. "जिथं विचारपूस चालू, तिथलं पाणी नाय," एवढंच सांगायच्या. तपास हा शब्द मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकला. कायम विचारपूस. आजारी माणसाकडे जाऊन करतात तीच.

हिराआजींच्या शेजारच्या खाटेवर ताराबाई होत्या. त्यांचीही आठवण अशीच फाटलेली. हवालदारबाई त्यांच्यापाशी जाऊन बसल्या तेव्हा आमच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, "त्यांना काही विचारून उपयोग नाही हो."

"ती विसरते. म्हणून खोटं बोलते असं नाय ना?" हवालदारबाई म्हणाल्या.

आणि ताराबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही मारते."

ताराबाईंना मी रोज भरवत होते. हवालदारबाईंनी ते बोलणं हसण्यावारी नेलं नाही. ताराबाईंचे हात पाहिले, पाठ पाहिली. मग आमच्याकडच्या प्रत्येक आजी-आजोबांना, त्यांची परवानगी विचारून, तपासलं. कुठेही काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी ताराबाईंनी मला जवळ ओढून हवालदारबाईंना सांगितलं की ही माझी धाकटी सून, फार गुणाची. तिसऱ्या खेपेला त्यांनी हवालदारबाईंचाच हात घट्ट धरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "हिनं मारलं मला!"

हवालदारबाई खळखळून हसल्या. "घ्या! माझ्यावर पण आला आळ." मग हसू आवरून ताराबाईंच्या हातावरून हात फिरवत म्हणाल्या, "कोणीतरी मारलं असेल हो हिला कधीतरी. पन्नास वर्सांमागं मारलं असेल. ते नाय विसरली."

त्या दुपारी माझा बांध फुटला. फाटकापर्यंत त्यांच्यामागे गेले आणि म्हणाले, "तुमचा माझ्यावर विश्वासच नाही का? किती वेळा तेच तेच विचारणार?"

त्या थांबल्या. रागावल्या नाहीत. "विश्वास ठेवायला मी तुझी मावशी नाय गो. मी विचारायला आलेय. मी नीट विचारलं ना, तर उद्या कोणाला पुन्हा विचारावं लागणार नाय. अर्धवट सोडलं, तर ह्या पेणमधी लोक जन्मभर तुझ्या मागनं बोलतील, आणि तुला ते ऐकू पण येणार नाय."

तेव्हा मला ते निष्ठुर वाटलं होतं.

शवविच्छेदनाचा अहवाल यायला वेळ होता. संस्थेने मला सांगितलं, काही दिवस घरी राहा. मी रोह्याला माहेरी जाऊन राहिले. आईने कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण विलासही रोह्यातच राहणारा, बातमी माझ्याआधी पोचली होती. नळावर बायका बोलता बोलता थांबायच्या. भाऊ जेवताना ताटाकडे बघून जेवायचा. मला वाटायला लागलं, माझेच हात परके आहेत. मी ते पदराखाली घेऊन बसायचे.

अशा एका दिवशी दारात हवालदारबाई उभ्या. अंगावर साधी निळी सुती साडी, हातात भाजीची पिशवी. मी ओळखलंच नाही आधी. त्या निडी गावच्या, तिथे भावाकडे निघाल्या होत्या, मधेच वाट वाकडी करून आल्या होत्या.

"वर्दी कुठे?" मी खुळ्यासारखं विचारलं.

"वर्दीत आले असते तर अख्खी आळी तुझ्या दारात जमली असती."

त्यांनी अहवालाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मला काही विचारायचं होतं ते विचारूही दिलं नाही. आईने पाणी पुढे केलं, ते हात जोडून नाकारलं. माझ्या आईला मात्र म्हणाल्या, "पोरीला कामाला लावा घरात. बसवून ठेवू नका. हात रिकामे राहिले की डोकं वाईट चालतं." जाताना दारातून मोठ्या आवाजात, शेजारणींना ऐकू जाईल असं, माझं नाव घेऊन म्हणाल्या, "येते गो शैला, काकी, येते!" जशा काही आमच्या जुन्या नात्यातल्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच समोरच्या वहिनीने मला हाक मारून वाटीभर उसळ दिली.

नंतर कळलं, त्या दिवशी त्या विलासच्या घरीही जाऊन आल्या होत्या. तिथेही जमिनीवरच बसल्या. तिथे त्यांनी विलासच्या बायकोला विचारलं की घरी असताना सासूबाईंच्या अंगावर असे डाग उठायचे का. ती बिचारी नवऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. बांगडी दाबली तरी उठायचे. मी यांना तेव्हाच सांगणार होते." विलास उठून बाहेर गेला. हवालदारबाई त्याच्यामागे गेल्या नाहीत. त्याच्या बायकोपाशी बसून राहिल्या, तो परत येईपर्यंत. तो आला आणि म्हणाला, गावाकडे सगळे म्हणतात की आईला टाकली, म्हणून मेली. हे सांगताना, त्या म्हणाल्या, तो लहान पोरासारखा दिसत होता.

अहवाल आला. मृत्यू नैसर्गिक, हृदयविकाराने. डाग वरवरचे, मरणाशी त्यांचा संबंध नाही. फौजदारांनी फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण हवालदारबाईंनी मला पेणला बोलावून घेतलं. मी आश्रमात पोचले तेव्हा व्हरांड्यात विलास आणि त्याची बायको बसली होती. मला पाहून तो उभा राहिला. काय करावं त्याला कळेना, मलाही नाही.

हवालदारबाई पायरीवर बसल्या. आम्हा तिघांनाही खाली बसवलं. "कागदावर काय आलंय ते ह्यांना सांगून झालंय," त्या मला म्हणाल्या. "कागदात आजी कशी मेली तेवढंच हाय. तू ह्यांना सांग गो, सकाळपासून."

इतक्या वेळा सांगितलेली ती सकाळ मी पुन्हा सांगायला लागले, आणि मला कळलं की तिच्यातला एकही कण हरवलेला नाही. त्या बाईने प्रश्न विचारून विचारून माझ्याकडून तो राखून घेतला होता.

मी सांगितलं की आजी उठल्या तेव्हा त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "भरती आयली का गो?" मी म्हटलं, अजून नाही, वेळ आहे. पाणी जरा जास्त गरम होतं, त्या ओरडल्या, मी गार घातलं. केसांना खोबरेल लावून अंबाडा घातला. मग पेज दिली. पहिलाच घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं, "हा आपल्या आगराचा मीठ नाय," म्हणाल्या.

विलासच्या बायकोला रडताना हसू आलं. "घरी पण असंच म्हणायच्या."

"मग त्यांना उन्हात बसवलं. खुर्चीचं तोंड फाटकाकडे होतं. त्यांनी मला विचारलं, 'माझा विलास शालेतना आयला का?' मी म्हटलं, येतोय. तर म्हणाल्या, 'त्याला भाकर झाकून ठेव. भुका आसल तो.'"

विलासने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बऱ्याच वेळाने त्याने हात काढले आणि मला विचारलं, "पेज संपवली का तिनं?"

"अर्धी. अर्धी राहिली."

"अर्धी तरी खाल्ली," तो म्हणाला. माफी वगैरे त्याने मागितली नाही, आणि मला ती नकोच होती. जाताना त्याच्या बायकोने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. किती दिवस ते हात मी पदराखाली लपवत होते.

ती दोघं गेल्यावर हवालदारबाईंनी पाय पसरले, पाठ भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "आता चहा टाक. साखर जास्त घाल."

पुढे त्या पेणला होत्या तोवर महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिल्या. कधी निडीहून वालाच्या शेंगा घेऊन, कधी नुसत्याच. ताराबाईंपाशी बसायच्या, शिव्या खायच्या. आमच्याकडे नव्या मुली कामाला येतात तेव्हा मी त्यांना दोन गोष्टी शिकवते. कोणाच्याही अंगाला हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं, समोरच्याला कळो न कळो. आणि रोज सकाळी प्रत्येक जण काय बोललं ते लक्षात ठेवायचं. मुली विचारतात, कशासाठी? मी म्हणते, कोणीतरी विचारायला येईल.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. रोह्याला, त्यांच्या थोरल्या बहिणीच्या घराच्या गच्चीवर छोटा समारंभ होता. हाताखालचे पोलीस, नातेवाईक, निडीचा सगळा गोतावळा. मी जिलबीचं ताट हातात घेऊन कडेला उभी होते, तेवढ्यात त्यांच्या बहिणीने मला गाठलं. "तुम्ही कोण? आमच्या हिची आणि तुमची ओळख कशी?"

मी गांगरले. अशा आनंदाच्या दिवशी काय सांगायचं? एका म्हातारीच्या मरणात माझ्यावर संशय होता आणि ह्यांनी माझी चौकशी केली, असं? मी शब्द शोधत असताना हवालदारबाई मागून आल्या, माझ्या ताटात आणखी एक जिलबी टाकली आणि बहिणीला म्हणाल्या, "ताय, आम्ही दोघी एका आजींच्या ओळखीतल्या."

"कुठल्या आजी गो?"

"हिराआजी. खाडीकडच्या, मिठागरातल्या. काय कष्टाळू बाई, ताय! पेजेचा एक घोट घेतला की सांगणार, हा आपल्या आगराचा मीठ नाय..."

आणि जिला त्यांनी जिवंतपणी एकदाही पाहिलं नव्हतं, त्या बाईबद्दल त्या बोलत राहिल्या. त्यांची बहीण हसत होती, पुढे काय म्हणून विचारत होती, आणि मी हातात ताट धरून ऐकत उभी होते.